‘तो’ की ‘ते’? : यंत्रमानव आणि पौरुषाचा प्रश्न

मराठीत ‘यंत्र’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, ‘मानव’ पुल्लिंगी. दोहोंचा समास झाला की ‘यंत्रमानव’ पुल्लिंगी ठरतो आणि त्याच्यासाठी ‘तो’ हे सर्वनाम आपोआप येते. व्याकरणाने इतक्या सहजपणे बहाल केलेले हे पुरुषपण समकालीन कादंबरीत मात्र वादाचा विषय झाले आहे. यंत्रमानवविषयक साहित्याची आपल्याकडील चर्चा बहुधा ‘माणूस म्हणजे काय?’ ह्या प्रश्नाभोवती फिरते. हा प्रश्न गैरलागू नाही. परंतु त्यातील ‘माणूस’ ह्या शब्दाआड अनेकदा ‘पुरुष’ उभा असतो, ह्याकडे दुर्लक्ष होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ह्या साहित्याची परंपरा पाहिली तर निर्माता किंवा मालक पुरुष आणि निर्मिती स्त्रीरूप, अशी रचना वारंवार आढळते. हॉफमनच्या ‘द सँडमॅन’ (१८१६) ह्या कथेतील ऑलिंपिया ही कळसूत्री बाहुली काय, किंवा आयरा लेव्हिनच्या ‘द स्टेपफर्ड वाइव्हज’ (१९७२) मधील आज्ञाधारक पत्नी काय, दोन्ही पुरुषाच्या इच्छेचे आरसे आहेत. कारेल चापेकच्या १९२० मधील नाटकाने रूढ केलेला ‘रोबो’ हा शब्द मुळात वेठीच्या श्रमाचा वाचक आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. वेठ म्हटली की धनी आलाच.

इअन मॅक्यूअन यांच्या ‘मशीन्स लाइक मी’ (२०१९) ह्या कादंबरीने ही रचना उलटवली. काल्पनिक १९८२ मधील लंडनमध्ये राहणारा चार्ली हा निवेदक वारशाने आलेल्या पैशातून यंत्रमानव विकत घेतो. त्याला खरे तर ‘ईव्ह’ हवी असते. त्या संपल्यामुळे पदरी ‘ॲडम’ पडतो. पुढे चार्लीच्या पौरुषाचा एकेक आधार ढासळत जातो. शेअरबाजारात त्याला जेमतेम जमणारी कमाई ॲडम लीलया करून दाखवतो. प्रेयसी मिरांडा ॲडमबरोबर एक रात्र घालवते. तिचे वडील तर ॲडमलाच भावी जावई समजतात आणि चार्लीला यंत्र! हा प्रसंग विनोदी आहे. पण त्यातला घाव खोल आहे.

आपल्या परंपरेत ‘दैव’ आणि ‘पौरुष’ हे परस्परविरोधी शब्द आहेत. पौरुष म्हणजे प्रयत्न, स्वकष्टाने मिळवलेले सामर्थ्य. चार्लीजवळ ते नाही. तो वारशावर आणि बाजाराच्या लहरीवर, म्हणजे दैवावर जगतो. आणि ज्याला प्रयत्नाचे श्रमच पडत नाहीत असे यंत्र त्याला मागे टाकते. तेव्हा ॲडममुळे त्याचे पुरुषत्व गेले असे नव्हे, ते मुळातच मालकीवर उभे होते हे उघड झाले.

ह्या दृष्टीने मिरांडाबरोबरच्या प्रसंगानंतरचा वाद महत्त्वाचा आहे. तिच्या मते तो एका उपकरणाचा वापर होता. चार्लीला ते मान्य नाही. मत्सर करायचा तर प्रतिस्पर्धी पुरुषच हवा. म्हणून तेथे ॲडम ‘तो’ असतो. पुढे सत्यनिष्ठेपायी ॲडम मिरांडाच्या खोट्या साक्षीचा पुरावा पोलिसांकडे देतो, तेव्हा चार्ली हातोडा उचलतो आणि विकत घेतलेली वस्तू मोडण्याचा आपला अधिकार सांगतो. आता ॲडम ‘ते’ झालेला असतो. गरजेनुसार सर्वनाम बदलण्याची ही मुभा म्हणजेच सत्ता होय.

ॲडम हा पुरुषाचा आदर्श पर्याय आहे, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. मिरांडावर त्याचे प्रेम असूनही तो तिच्यावर हक्क सांगत नाही, हे खरे. पण परिणामांची पर्वा न करणारी त्याची न्यायनिष्ठुरता हीदेखील पुरुषी तर्काचीच एक परिणती आहे. शिवाय सारे निवेदन चार्लीचे असल्याने मिरांडा आपल्याला त्याच्या नजरेतूनच दिसते. ही उणीव सिएरा ग्रीअर यांच्या ‘ॲनी बॉट’ (२०२४) ह्या कादंबरीत भरून निघते. तेथे मालक डग ह्याच्याकडे आपण त्याच्या यंत्रस्त्रीच्या जाणिवेतून पाहतो, आणि प्रेम व ताबा ह्यांतील अंतर किती थोडे उरले आहे ते कळते.

आपल्या विभागांतून विज्ञानकथा ‘विज्ञाना’साठी शिकवली जाते आणि लिंगभावाची चर्चा स्त्रीवादी साहित्यापुरती राखून ठेवली जाते. ही फाळणी आता सोडावी. मराठी विज्ञानकथेतील यंत्रांकडेही एक साधा प्रश्न घेऊन जावे : निवेदक त्यांना ‘तो’ म्हणतो, ‘ती’ म्हणतो की ‘ते’, आणि ते सर्वनाम नेमके केव्हा बदलते? इंग्रजी वाचकाला जे अनुमानाने शोधावे लागते, ते आपल्या भाषेत क्रियापदाच्या रूपापर्यंत उमटलेले असते. ही सोय समीक्षेने वापरली नाही, तर उणीव विज्ञानकथेची नव्हे, आपल्या वाचनाची म्हणावी लागेल.