पाऊस नाही म्हणून कारखाना नाही?

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत आतेभावानं नेहमीचं वाक्य टाकलं. "आपल्या आटपाडीकडं पाऊसच नाही, तर कारखाने येणार कुठून? भूगोलच तसला." सगळ्यांनी माना डोलावल्या, जिलेबी आली, विषय संपला. माझ्या डोक्यातून काही जाईना, म्हणून इथे लिहितोय. (आत्या, वाचत असशील तर रागावू नकोस. भांडण तुझ्या मुलाशी नाही, त्या वाक्याशी आहे.)

शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय: कच्चा माल, पाणी, हवामान, बाजारपेठ, वाहतूक असेल तिथे उद्योग येतात. पाच गुणांचं उत्तर. आता हे उत्तर घेऊन १९५० सालच्या दक्षिण साताऱ्यात चला. (आजच्या सांगली जिल्ह्याचं हे तेव्हाचं नाव. १९४९ मध्ये जिल्हा वेगळा झाला, १९६० मध्ये सांगली झाला.) कुंडलजवळच्या माळावर ना लोखंडाची खाण, ना कोळसा. पाऊस बेताचाच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे पोचले तेव्हा निवडुंग आणि साप सोडून फारसं काही नव्हतं. तरी १९५० पर्यंत त्याच माळावरून लोखंडी नांगर, उसाचे चरक, पंप गावोगाव गेले होते.

लक्ष्मणराव तिथे कच्चा माल बघून गेले नव्हते. बेळगावात त्यांची जागा गेली, आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात त्यांना जमीन दिली, पैशाची मदत केली. ओगलेवाडीचा काच कारखानाही औंध संस्थानातलाच. घराघरात टांगलेला प्रभाकर कंदील तिथला. आता या दोन्ही 'वाड्यां'चं कारण पाचांपैकी कुठल्या मुद्द्यात बसवायचं? राजाला डोकं होतं, हा सहावा मुद्दा आमच्या पुस्तकात नव्हता.

आतेभाऊ म्हणेल, रेल्वे होती ना! होती. पुणे-मिरज रूळ दोन्ही वाड्यांना लागून जात होते, आणि त्यांच्याशिवाय कोळसा आला नसता हे मान्य. पण रूळ काही कृष्णेच्या पुरात वाहून आले नव्हते. कुणीतरी नकाशावर रेघ मारली, ती कुंडलवरून गेली आणि आटपाडीवरून गेली नाही.

मला खरी बोच इथेच आहे. आटपाडीसुद्धा औंध संस्थानातच होती. राजा तोच. त्यांनी आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली, म्हणजे या बाजूला त्यांचं लक्षच नव्हतं असंही नाही. पण स्टेशनपर्यंत बैलगाडी हाकत जायचं, तिथे भट्टी कोण लावणार? पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि मग दाद मागायला मुंबई.

साखरेचं मात्र मी मान्य करतो. पाण्याशिवाय ऊस नाही, म्हणून ते कारखाने कृष्णाकाठीच आले. ठीक.

पण कोयनेचं काय? धरणाचं काम १९५४ मध्ये सुरू झालं, १९६२ मध्ये वीज निघाली. कृष्णेकडे येणारं पाणी सह्याद्री पोखरून पलीकडे पोफळीला, कोकणात पाडलं. वीज मुंबई-पुण्याकडे गेली. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्यातले काही अजून पुनर्वसनासाठी आंदोलनं करतायत. पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला वळवता येतं, आणि आटपाडीचा विषय निघाला की मात्र 'भूगोलच तसला'!

घरातलंच सांगतो. माझे आजोबा परळच्या गिरणीत लागले. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे आण्णा, किर्लोस्करवाडीत साचे करायच्या खात्यात. एका आईची दोन पोरं, दोघांनी सोसलेला दुष्काळ एकच. आण्णा सणाला घरी यायचे, शेतीच्या कामाला वेळेवर हजर असायचे. आजोबा वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा जत्रेला. आमच्या भागातले कितीतरी जण गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला, पार दूरच्या राज्यांत पांगले. सोनं आटपाडीत पिकत नव्हतं, तरी धंदा जमलाच ना? फक्त तो गावात उभा राहिला नाही.

आणि आता टेंभू योजनेतून तेच कृष्णेचं पाणी उपसून आटपाडीला आणलंय. कराडजवळून, ओगलेवाडीच्या शेजारून. पाऊस काही वाढलेला नाही. हे १९६० च्या आसपास का सुचलं नाही, असं विचारलं की आतेभाऊ म्हणतो, "तेव्हा पैसा कुठं होता?" अरे, कोयनेला होता की!

असो. आण्णांचा कारखान्यातला पितळी बिल्ला धाकट्या काकांकडे असावा. काका, सापडला तर फोटो पाठवा, इथेच खाली टाकतो.