वाहन-विवेक : पुलीची रेषा आणि पट्ट्याचे आयुष्य

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील पुष्कळ व्यापारी घरांत वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली एखादी जुनी गाडी अद्याप जपून ठेवलेली आढळते. कोणाकडे काँटेसा असते, तर कोणाकडे १९९५ पासून पुण्यात जुळणी होऊ लागलेली पहिली मर्सिडीज. दुकानाच्या पहिल्या बरकतीच्या वर्षाची खूण म्हणून ती विकवत नाही. अशा गाडीच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: पॉवर स्टिअरिंगचा पट्टा चिमणीसारखा चिवचिवतो, वर्षभरात दोनदा-तीनदा बदलावा लागतो आणि शेवटी गॅरेजवाला सांगतो, ‘‘शेठ, पंपच बदलून टाका.’’ या खर्चाला संमती देण्यापूर्वी काय पाहावे, हा या महिन्याचा विषय.

या सोयीच्या इतिहासाचा एक धागा आपल्या कुर्ल्यापर्यंत येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळून बाहेर पडू लागल्या. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात पॉवर स्टिअरिंगची रचना सिद्ध केली होती. सर्वसामान्य विक्रीच्या प्रवासी गाडीत ती प्रथम आणली ती याच क्रायस्लरने, १९५१ मध्ये. कुर्ल्याच्या पद्मिनीला मात्र ही सोय नव्हती. तिचे चक्र चालकाच्या मनगटाच्या बळावरच फिरत असे.

आता यंत्राकडे वळू. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, एक पुली असते. तिच्यावरून जाणारा पट्टा पंपाची पुली फिरवतो आणि पंप तेलाला दाब देऊन चक्र हलके करतो. या दोन्ही पुलींच्या खाचा एकाच रेषेत असणे आवश्यक आहे. पंपाची पुली किंचित पुढे-मागे किंवा तिरकी असेल, तर पट्टा प्रत्येक फेऱ्यात खाचेत तिरका शिरतो, एका कडेला घासतो व तापतो. दोन पुलींमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असल्यास साध्या व्ही-पट्ट्याला सुमारे अडीच मिलिमीटर, तर अनेक बारीक खाचांच्या रुंद पट्ट्याला सुमारे दीड मिलिमीटर एवढाच फरक सोसतो. दोष रेषेत असताना नवे पट्टे घालत राहणे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. पट्ट्याची एकच कड झिजलेली दिसते, पुलीभोवती काळी भुकटी साचते, खाचेची एक भिंत अधिक चकाकते. रुंद पट्ट्याच्या बाबतीत आणखी एक परीक्षा आहे. इंजिन चालू असताना दुरून पट्ट्याच्या खाचांवर पाण्याची बारीक फवारणी करावी. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर रेषेचा दोष संभवतो. आवाज वाढला तर पट्टा सैल असण्याची शक्यता अधिक. ही परीक्षा मिस्त्रीकडूनच करवावी. चालू इंजिनाजवळ ओढणी, पदर, उपरणे किंवा सैल बाही नेऊ नये आणि मुलांना दूर ठेवावे.

मोजमाप मात्र इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि ते थंड झाल्यावरच घ्यावे. एक सरळ पोलादी पट्टी दोन्ही पुलींच्या दर्शनी भागावर टेकवावी. दोन्ही पुलींच्या दोन्ही कडांना, अशी चार ठिकाणी ती टेकली तर रेषा ठीक आहे. पट्टी पोहोचत नसेल तेथे ताणलेली सुतळीही काम देते. पुलींच्या कडांची जाडी वेगवेगळी असेल, तर कडेऐवजी खाचेच्या मध्यापासून मोजावे. त्यानंतर पुली हाताने फिरवून ती डुलते का, हे पाहावे. डुलत असेल तर पुली वाकली आहे किंवा पंपाचा दांडा व बेअरिंग झिजले आहे. पंप बदलण्याचा प्रश्न खरा तेव्हाच उपस्थित होतो.

कारणांचा शोध स्वस्तापासून महागाकडे घ्यावा. प्रथम पंपाच्या ब्रॅकेटचे बोल्ट पाहावेत. पूर्वीच्या दुरुस्तीत एखादा वॉशर किंवा मधली नळी परत बसवायची राहून गेली, तर तेवढ्याने पंप तिरका होतो. मग ब्रॅकेटला तडा गेला आहे का, हे पाहावे. त्यापुढे पुली. अनेक पंपांवर ती दाबून बसवलेली असते आणि ठरलेल्या खोलीपर्यंत गेली नाही की रेषा चुकते. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसऱ्या मॉडेलची पुली आणली असेल, तर व्यास जुळूनही खाचेची जागा जुळत नाही. शेवटी क्रँकची पुली तपासावी. काही गाड्यांत तिच्या दोन कड्यांमध्ये रबर असते. ते जुने झाले की बाहेरचे कडे सरकते आणि दोष विनाकारण पंपावर येतो.

दुरुस्तीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. दाबून बसवलेली पुली काढण्यासाठी पुलर आणि बसवण्यासाठी त्याचे खास साधन वापरावे. हातोडीच्या घावाने पुली बसते खरी, पण तो धक्का दांड्यावाटे पंपाच्या आतील भागांना लागतो आणि चांगला पंप निकामी होतो. योग्य मापाची नळी मिळत नसेल, तर वॉशरची चळत रचण्याऐवजी साकीनाक्याच्या एखाद्या लेथवाल्याकडून ती करून घ्यावी. पट्टा ताणताना पंपाच्या तेलाच्या डब्याला पहार लावू नये. व्ही-पट्टा लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण एक सेंटिमीटर दबावा. नवा पट्टा काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यावा.

हा प्रश्न केवळ आवाजाचा किंवा पैशाचा नाही. गजपंथ किंवा मांगी-तुंगीच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबाच्या गाडीचा पट्टा कसारा घाटात तुटला, तर चक्र अडकत नाही, पण एकाएकी अतिशय जड होते. हलक्या चक्राची सवय झालेल्या साठीच्या चालकाला वळणावर ते आवरणे अवघड जाते. अशा वेळी न घाबरता दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरावे, वेग कमी करावा व गाडी कडेला घ्यावी. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही चालवतो. तेथे तापमानाचा काटा चढण्यापूर्वीच इंजिन बंद करणे श्रेयस्कर.

तेव्हा गॅरेजमध्ये दोनच गोष्टी विचाराव्यात: पुलीची रेषा मोजली का, आणि काढलेला जुना पट्टा कोठे आहे? तो पट्टा हाती घेऊन त्याची कड स्वतः पाहावी. एकच कड झिजलेली असेल, तर नवा पंप घेण्याआधी रेषा मोजून घेण्याचा आग्रह धरावा.

पुढील अंकात याच पंपातील तेल, त्याची गळती आणि ते केव्हा बदलावे, याविषयी पाहू.