पंधराशेचा उंबरठा

सिंधीपुऱ्यात आमच्या शेजारच्या सूनबाई पदवीधर आहेत. मुले लहान म्हणून आजवर घरीच होत्या. गेल्या महिन्यात त्यांना एका कापडाच्या पेढीत हिशेब लिहिण्याची जागा सांगून आली. पगार दरमहा सात हजार. यजमानांना पंधरा हजार मिळतात. रात्रभर आकडेमोड करून सकाळी त्यांनी विचारले, "काकू, नोकरी धरू की लाडली बहना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मध्य प्रदेश शासनाने २०२३ साली ही योजना सुरू केली. प्रथम दरमहा एक हजार, मग साडेबाराशे आणि नोव्हेंबर २०२५ पासून पंधराशे रुपये बहिणींच्या खात्यात जमा होऊ लागले. अट अशी की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. दोघांचे मिळून होतात २,६४,०००. मर्यादा चौदा हजारांनी ओलांडली की वर्षाचे अठरा हजार समूळ जातात.

तरीही चौऱ्याऐंशी हजार मिळवून अठरा हजार सोडणे हा तोट्याचा व्यवहार नव्हे. मग अडले कोठे? पेढीवरील नोकरीला कागद नाही. मालकाने उद्या नको म्हटले की पगार संपला. योजनेची नावनोंदणी मात्र २०२३ मध्येच दोन फेऱ्यांत झाली. एकदा गळलेले नाव पुन्हा केव्हा लागेल, याची शाश्वती कोण देणार?

फुकटच्या पैशाने माणसे आळसावतात, असे आपण सहज बोलून जातो. येथे आळस नव्हता, धास्ती होती. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ साली तिचा कायदा झाला. तेथे मागेल त्याला काम हीच मदत होती. एकासाठी दुसरे सोडावे लागत नव्हते. रोख मदतीतही उत्पन्न वाढेल तशी रक्कम थोडीथोडी घटावी आणि नोकरी सुटताच नाव परत लागावे, एवढी सोय झाली तर कितीतरी भगिनी निर्धास्तपणे उंबरठा ओलांडतील.

सूनबाईंनी नोकरी धरली. योजनेतून नाव कमी करण्याचा अर्जही स्वतःच भरला. पहिला पगार हाती येताच त्यातील पंधराशे रुपये त्यांनी पोस्टात ठेवले. म्हणाल्या, "काकू, आता ही माझी मीच बहीण."