बारी म्हणजे पार्किंग नव्हे!

रविवारी संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर चक्कर मारली की आम्ही वसई-विरारवाले एका सुरात ओरडतो, "बाहेरून येतात आणि घाण करून जातात!" बाटल्या, वेफर्सची पाकिटं, रस्त्यात वाट्टेल तशा लावलेल्या गाड्या... राग अगदी रास्त आहे. पण मंडळी, गेल्या विकांताला हाच राग घरी ठेवून आम्ही ऑफिसातले सातजण कळसूबाईला गेलो.

भिवंडी, कसारा घाट, घोटी असं करत पहाटे बारी गावात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर! पण अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे पोराटोरांना घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं चढतात. चांगलंच आहे. माझा आक्षेप आपण खाली गावात काय करतो, त्याला आहे.

आमच्या भाषेत बारी म्हणजे 'बेस व्हिलेज'. गाडी लावायची, कुणाच्यातरी अंगणात कपडे बदलायचे, चढायचं, उतरायचं, पळायचं. भातखाचरं बघून आमच्यातला एकजण म्हणालाच, "अगदी स्वित्झर्लंड रे!" उतरल्यावर तोच पठ्ठ्या पिठलं-भाकरीच्या ताटाचे दीडशे रुपये जास्त होतात म्हणून मावशींशी घासाघीस करत होता. मॉलमधल्या कॉफीसाठी कधी केली आहे?

हातपाय धुताना आम्ही दारातला अख्खा हंडा रिकामा केला. मावशी काही बोलल्या नाहीत. मीच विचारलं, "उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?"

"खालून. डोक्यावर."

पुढचा घास काही नीट उतरला नाही.

बरं, स्वित्झर्लंडच म्हणायचं तर पूर्ण म्हणा की! तिथल्या पर्यटनाच्या गावांत मुक्कामी पाहुण्याकडून दर रात्रीचा वेगळा कर घेतात आणि त्यातून पाहुण्यांसाठीच्या सोयी चालवतात. म्हणजे पाहुण्याचा भार पाहुण्याने उचलायचा. आपल्याला फोटोतलं स्वित्झर्लंड हवं, हिशोबातलं नको.

कुणी म्हणेल, आमच्यामुळेच गावाला चार पैसे मिळतात. मिळतात ना! अर्नाळ्यालाही भजी-वडापावच्या गाड्या चालतातच. म्हणून किनाऱ्यावरच्या बाटल्या आपण गोड मानून घेतो का?

तेव्हा पुढच्या वेळी गावात जेवा, सांगतील ते पैसे द्या, जमलं तर एक रात्र राहा, पाणी जपून वापरा आणि कचरा आपल्याच सॅकमधून परत आणा. एवढंही होत नसेल तर अर्नाळ्याला येणाऱ्यांना शिव्या द्यायचा हक्क सोडून द्या.

असो. फार शहाणपणा करत नाही. त्या हंड्यातलं पाणी मीही ओतलं होतं.