बिऱ्हाड हललं तरी शाळा सुटू नये

धान कापून झालं की करडी-मोहाडीकडची कित्येक घरं कामासाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी तेलंगणात मिरची तोडायला. लेकरंही सोबत जातात. शाळेच्या हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. यात आईबापांना दोष देऊन भागत नाही. पोट नेईल तिकडे बिऱ्हाड जाणारच. पण बिऱ्हाडासोबत शाळा आणि दवाखानाही गेला पाहिजे.

निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वर्षांच्या मुलाला, दाखला यायला उशीर झाला म्हणून, सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. तेलंगणात भाषेची अडचण येते. तिथं पुस्तकं सोबत ठेवा, रोज संध्याकाळी तासभर वाचून घ्या. ही शाळेची बरोबरी नाही, पण वाचन मोडत नाही.

लहान बाळाचं लसीकरण कार्ड पिशवीत हवंच. गोवर-रुबेलाची लस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत असते. ती कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते.

आपल्या समाजात सिकलसेल जास्त आहे. अशा लेकराला भट्टीची धग, कमी पाणी आणि अंगमेहनत भोवते, दुखणं उसळतं. त्याचं कार्ड आणि गोळ्या न्या, पाणी सारखं पाजा, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाणाऱ्या लेकरांची यादी शाळेनं आणि विहारातल्या महिला मंडळानं दिवाळीआधीच करावी. गाडी सुटल्यावर कुणाला शोधणार?