देऊळगाव राजात काच? का नको?

ऑफिसात जेवताना नव्या कारखान्याचा विषय निघाला की गाडी चाकण, तळोजा किंवा सरळ गुजरातला जाऊन थांबते. विदर्भ म्हटलं की "तिथे कोण जाणार रे?" आणि देऊळगाव राजा म्हटलं की हशा! बालाजीच्या यात्रेचं गाव ना? हो, तेच. हसून झालं असेल तर काचेबद्दल बोलू.

आपली नेहमीची 'टफन्ड' काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. काम स्वस्त आणि मिनिटांत होतं. पण मऊ झालेली काच रोलरवरून जाते, तिच्यावर बारीक लाटा उठतात. आयटी पार्कच्या भिंतीत समोरची बिल्डिंग वाकडीतिकडी दिसते, त्याचं एक कारण हे. शिवाय फार पातळ काचेला ही रीत मानवत नाही.

मोठ्या यॉटच्या खिडक्या आणि काही इमारतींच्या वळणदार भिंती यांच्यासाठी दुसरी रीत आहे. काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या टाकीत ४०० ते ४५० अंशांना कित्येक तास, कधी दिवसभरही, बुडवून ठेवायची. पृष्ठभागातले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे जाडजूड आयन घुसतात. लोकलच्या तीन जणांच्या सीटवर तीन पैलवान बसल्यावर होते तशी दाटी! त्या दाबामुळे काच सहजी तडकत नाही. ती मऊ होतच नाही, म्हणून आकारही बिघडत नाही. बोटीवर वरचं वजन जितकं कमी तितकं बरं, त्यामुळे पातळ पण दणकट काचेला तिथे चांगली किंमत मिळते. (तुमच्या मोबाईलची काचही याच जातीची.) फुटली तर मात्र तिचे मोठे तुकडे होतात, म्हणून लॅमिनेट करावीच लागते.

आता या कामाला लागतं काय? समुद्र नको. काच वितळवायची अजस्र भट्टीही नको, तयार काच ट्रकने आणता येते. समृद्धी महामार्ग शेजारच्या सिंदखेड राजावरून जातो, जालना जवळच. लागते ती उंच टाकी, मीठ आणि चिकाटीने काम करणारी माणसं.

मीठ म्हणजे कोणतं? आमच्याकडच्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला विचारा, १३:००:४५ म्हणजे काय ते तो झोपेतही सांगेल. तेच पोटॅशियम नायट्रेट! काचेला जास्त शुद्ध लागतं, कारण कॅल्शियमचा अंश जरी आला तरी आयनांची अदलाबदल अडते. पण गावाला अनोळखी माल नाही हा.

आणि माणसं? या भागात शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं संकरित बीजोत्पादन चालतं. कळी उमलण्याआधी पुंकेसर काढायचे, मग हाताने परागकण लावायचे, फूल न् फूल. शुद्धतेच्या चाचणीत नापास झालं तर मेहनत पाण्यात. काचेच्या कडा घासताना, भोकं पाडताना (हे सगळं टाकीत जाण्याआधीच करावं लागतं, नंतर नाही) नेमकी हीच नजर लागते. 'स्किल्ड लेबर नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या शेडनेटमध्ये तासभर उकिडवं बसून दाखवावं.

१९०८ साली तळेगाव तरी काय होतं? अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा जमवला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि जपानला शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे पैसा फंडाचा काच कारखाना चालवून दाखवला. पुढे कराडजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी गेले. मेट्रो कधी येणार हे त्यांनी विचारलं नव्हतं.

एक अडचण मात्र खरी आहे: वीज. हे मीठ ३३४ अंशांखाली गोठतं. टाकीला जाड इन्शुलेशन असलं तर काही तास निघतील, पण लाईन दिवसभर गेली तर टाकीचा दगड! काच आत असेल तर तीही गेली. म्हणजे वेगळा फीडर आणि जनरेटर हवाच. एमआयडीसीच्या दारात गेलं तर पहिल्यांदा मागायचा तो फीडर, जमीन नंतर. वाद घालायचाच असेल तर या फीडरवरून घाला, मी तयार आहे.