सुई बारीक, कपाळ आपलं!

डेडलाइन, बॉसचे मेल आणि कर्वे रस्त्यावरचा ट्रॅफिक. तिशी उलटेपर्यंत भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या नाहीत तरच नवल! मग कर्वेनगरच्या कट्ट्यावर हळूच विषय निघतो, ‘बोटॉक्स करावं का गं? पण दुखतं का?’

दुखतं. पण मुंगी चावल्यासारखं, तेही काही सेकंद. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी साधारण पाच ठिकाणी टोचतात. आधी बर्फ किंवा बधिर करणारं क्रीम लावलं, तर अजून सुसह्य. नंतर डोकं जड होणं, टोचलेली जागा हुळहुळणं, थोडं काळंनिळं पडणं, हे होऊ शकतं. बहुतेकदा काही दिवसांत निवळतं. गंमत बघा, ज्यानं डोकं दुखू शकतं त्याच औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये आठ्यांसाठी आणि २०१० मध्ये जुनाट मायग्रेनसाठी परवानगी मिळाली!

खरी गोची सुईची नाहीच. औषध शेजारच्या स्नायूत पसरलं, तर पापणी खाली येते किंवा भुवई वाकडी होते. इथे ‘अनडू’चं बटण नाही. काही आठवडे वाट बघायची, बस्स. म्हणून साखरपुड्याच्या किंवा इंटरव्ह्यूच्या तोंडावर हा उद्योग नकोच. परिणाम दिसायला तीन-चार दिवस, पूर्ण दिसायला दोन आठवडे लागतात. टिकतो तीन-चार महिने. मग पुन्हा सुई, पुन्हा बिल.

हे लक्षात ठेवा
* पार्लरची ‘ऑफर’ नको, त्वचारोगतज्ज्ञच गाठा.
* बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा, डोस लिहून घ्या.
* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्नायूंचा आजार, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, सगळं आधी सांगा.
* त्या दिवशी टोचलेली जागा चोळू नका.
* गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर थेट हॉस्पिटल. हे क्वचित घडतं, पण काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही घडू शकतं.

आणि एक. ज्यांच्या नावानं आपलं कर्वेनगर आहे, त्या महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये, शंभरीत. त्यांच्या फोटोतल्या सुरकुत्या आजवर कुणी मोजल्यात? तरीही आठ्या घालवायच्यात? खुशाल घालवा. फक्त आरशाला विचारून झालं, की डॉक्टरांनाही चार प्रश्न विचारा!